खाजाभाईंचा सर्सीस

सोलापुरात कचेरीच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली खाजाभाई बत्तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करायला टाइपरायटर घेऊन बसतात. इंग्रजी शब्दकोशाचं एकच पान त्यांच्याकडे आहे. शेंगाचटणीच्या पुडीला आलेलं; तेलाचा डाग अजून आहे. त्या पानावर त्यांना 'सर्सीस' हा शब्द सापडला. थांबणं, विशेषतः दुःखाचं, वेदनेचं थांबणं. जुना शब्द, आता क्वचितच वापरतात.

'क्वचितच' वाचून त्यांना शब्दाची दया आली आणि त्यांनी त्याला कामाला लावलं.

काशम्माच्या घरामागं मंगल कार्यालयाचा भोंगा होता. खाजाभाईंनी तिच्या इंग्रजी अर्जात लिहिलं, 'या आवाजाला सर्सीस मिळावा.' साहेबांना अर्थ कळेना, विचारायची लाज वाटली. प्रकरण वरचं असेल म्हणून त्यांनी भोंगाच उतरवला. तेव्हापासून झाडाखाली रांग लागली. कुणाला शेजाऱ्याचा कोंबडा थांबवायचा होता, कुणाला मेहुण्याचं गाणं. पाच दिवसांआड येणारं पाणी रोज सुरू करा म्हणणाऱ्याला मात्र ते परत पाठवत. "तो शब्द दुसऱ्या पानावर असंल."

गेल्या महिन्यात त्यांनाच नोटीस आली: झाडाखालच्या टायपिंगला सात दिवसांत सर्सीस. मसुदा नव्या क्लार्कचा, चैतालीचा. सरकारी इंग्रजी ती खाजाभाईंचे अर्ज वाचूनच शिकली होती.

"फाडून टाका की," चहावाला संगप्पा म्हणाला.

खाजाभाईंनी नोटीस दोनदा वाचली. "वाक्य झकास बसलंय," ते म्हणाले. मग त्यांचा हात टाइपरायटरवर तसाच राहिला. ही जागा गेली तर दिवसभर कुठं बसायचं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

ते आत गेले. चैताली उठून उभी राहिली. "चाचा, शब्द बरोबर पडलाय ना?"

'चुकला' म्हटलं असतं तर जागा वाचली असती. पण शब्दकोशाचं पान खिशात होतं.

"शब्द बरोबर हाय, बेटा. वापर अर्धा हाय. कुणाचा त्रास थांबवायचा, ते लिवलंच न्हाय."

"मग तुम्हीच नीट करून द्या की."

खाजाभाईंनी स्वतःला हटवायची नोटीस स्वतःच बिनचूक टाइप केली आणि त्रास होणाऱ्याच्या नावासाठी एक ओळ रिकामी सोडली. फाइल टेबलाटेबलावर फिरली. कुणी नाव घालेना. प्रत्येकाच्या घरामागचा कुठला ना कुठला कोंबडा खाजाभाईंनीच गप्प केला होता.

सातव्या दिवशी चैताली फाइल घेऊन झाडापाशी आली. खाजाभाईंची बायको अनवरी डबा घेऊन आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे उद्यापास्नं हे दिवसभर घरी?"

"कुणी नाव घातलं तर, चाची."

"माझं घाल. आन् पुढं लिव, त्रास अजून सुरू झाला न्हाय. हितलं टायपिंग बंद केलं तर व्हईल."

चैतालीनं लिहिलं. सुरूच न झालेल्या त्रासाला सर्सीस देता येतो का, हे पानावर नव्हतं. फाइल वर गेली आणि शेरा आला: खुलासा होईपर्यंत टायपिंग चालू ठेवावे.

तो शेरा टाइप करायला खाजाभाईंकडेच आला.