सहा टक्के आणि एक संकल्प

माझ्या विजेच्या गाडीबद्दल डोंबिवलीत दोन मतं आहेत. एक माझं आणि दुसरं बाकी सगळ्यांचं. बाकी सगळ्यांत माझा नवरा येतो, मुलगा येतो, सोसायटीची अख्खी कमिटी येते आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवालाही येतो. तो रोज सकाळी विचारतो, "बाई, आज किती टक्के?" घरात कोणी तापाने फणफणलंय आणि हा चौकशीला आलाय, असा त्याचा सूर असतो. मी त्याला खरा आकडा कधीच सांगत नाही.

मी पौरोहित्य करते. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, निवृत्त झाल्यावर पौरोहित्याचा रीतसर अभ्यास केला आणि गेली नऊ वर्षं सत्यनारायण, वास्तुशांत, मुंज, लग्न, सगळं सांगते. "बाई पूजा सांगणार?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता मी त्यावर चिडत नाही, असं मी लोकांना सांगते. प्रत्यक्षात चिडते, चांगलीच चिडते. गाडी घेतली ती या कामासाठीच. होमकुंड, समिधा, तांब्याची भांडी आणि दोन चौरंग घेऊन रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं माझ्या गुडघ्यांचं वय राहिलेलं नाही. विजेची घेतली कारण तिला गिअर नाहीत, आवाज नाही, आणि "मॅडम, रात्री दारात लावायची, सकाळी फुल" असं शोरूममधल्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं होतं.

ते दार काही मला मिळालं नाही. सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट द्यायला साफ नकार दिला. का, तर आग लागेल. त्याच पार्किंगमध्ये दिवाळीला कमिटीवाल्यांची नातवंडं भुईनळे लावतात आणि आजोबा लोक टाळ्या वाजवतात. हे मी वार्षिक सभेत उभं राहून बोलले. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला, मग त्याच्या पुढच्या. मी दर सभेला जाते, दर वेळी उभी राहते आणि दर वेळी कोणीतरी चहा आला म्हणून सांगतं.

म्हणून मी सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर जगते. माझ्या फोनमध्ये सात वेगवेगळी ॲप आहेत, कारण प्रत्येक चार्जरचा मालक वेगळा आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही. ॲपमध्ये चार्जर हिरवा दिसतो, तुम्ही तिथे पोचता, आणि तो मेलेला असतो. कधी कोणीतरी गंमत म्हणून चार्जर बंद पाडायचं लाल बटण दाबून ठेवलेलं असतं. कधी गन, म्हणजे गाडीला लावायचं ते जाडजूड तोंड, तुटून लोंबत असतं. पेट्रोल पंपावरच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, "वो कंपनीवालों का है, हमको कुछ नहीं मालूम." आणि रेंजचं, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्याचं म्हणाल, तर कंपनीने ती ज्या रस्त्यावर मोजली त्या रस्त्यावर आमचा कायम तुंबलेला पत्रीपूल नसणार. एवढं सगळं होऊनही मी गाडी विकलेली नाही. "विकून टाक" असं जितके लोक म्हणतात, तितके महिने मी ती जास्त चालवणार आहे.

आता त्या लग्नाचं सांगते.

ठाण्याच्या नौपाड्यातली एक बाई माझ्याकडे आली होती. तिथल्याच एका दवाखान्यात ती रिसेप्शनला बसते. मुलगी सातवीत असताना नवरा गेला, तिने एकटीने मुलीला इंजिनिअर केलं, आणि आता मुलीचं लग्न ठरलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसून ती म्हणाली, "बाई, कन्यादान मला करायचंय. दीर-जाऊ म्हणतात, आम्ही बसू. त्यांचे गुरुजी म्हणतात, विधवेला बसता येत नाही. तुम्ही सांगाल का?"

मी म्हटलं, "सांगेन. पण तुम्ही नुसतं बसायचं नाही. काय चाललंय ते कळलं पाहिजे." हा माझा नियम आहे. तीन संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन तिची तयारी करून घेतली. आचमन कसं करायचं, संकल्पात काय म्हणायचं, कुठे पाणी सोडायचं, सगळं अर्थासकट. ती भाजी चिरता चिरता संकल्प पाठ म्हणायची आणि अडली की सुरी हवेत धरून थांबायची.

तिसऱ्या संध्याकाळी दीर आले. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं. त्यांनी मला नमस्कार केला, गॅलरीतून खाली उभी असलेली माझी गाडी पाहिली, विजेच्या गाड्यांना असते ती हिरवी नंबरपाटी पाहिली आणि हसून म्हणाले, "बाई आणि बॅटरी. लग्नाच्या दिवशी दोन्हींचा भरवसा धरायचा म्हणजे कठीणच." मग वहिनीकडे वळून त्यांनी शांतपणे ठरवून टाकलं, "साडेआठला पुण्याहवाचन. तोवर या पोचल्या तर ठीक. नाही तर आमचे गुरुजी हॉलवर असतीलच, मी आणि ही बसतो."

पुण्याहवाचन म्हणजे कार्याच्या सुरुवातीचा विधी. त्याला यजमान म्हणून जो बसतो, तोच पुढे कन्यादान करतो. म्हणजे साडेआठ वाजता त्या पाटावर कोण बसतं, यावर सगळं होतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि गॅस बंद करून उभ्या राहिलेल्या तिलाही माहीत होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी बदलापूरला एका वास्तुशांतीला गेले. परत येताना बॅटरी उतरली होती आणि आमच्या चौकातल्या चार्जरवर दोन गाड्या होत्या. मी दमले होते. म्हटलं, पहाटे करू. ही माझी चूक, ती मी कोणावर ढकलत नाही.

पहाटे साडेपाचला गाडी चालू केली. नऊ टक्के, म्हणजे सोळा किलोमीटर. नौपाडा वीसच्या पुढे. चौकातला चार्जर बंद, पडदा काळा. मदतीच्या नंबरावर एक मुलगी तासभर गोड आवाजात "आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है" म्हणत राहिली. घरी परतले तर नवरा दारातच उभा. "अगं, रिक्षा कर आणि जा सरळ. सामान मी आणून देतो."

त्याचं बरोबर होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या इस्त्रीच्या शर्टाचं हसणं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी याच गाडीतून त्या हॉलच्या दारात उतरणार, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत उतरणार, असं मी हटून बसले. "गाडीनेच जाणार," म्हणाले आणि निघाले.

माणकोलीचा पूल ओलांडून हायवेला लागलं की एक हॉटेल आहे. ॲपमध्ये तिथला चार्जर हिरवा दिसत होता. एसी बंद, खिडक्या उघड्या, चाळीसच्या वर काटा नाही, मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत आणि मी नऊवारीत घामाघूम. हॉटेलवर पोचले तेव्हा पाच टक्के उरले होते. चार्जर चालू होता. त्याच्या एका बाजूला एक विजेची टॅक्सी लागलेली आणि दुसऱ्या बाजूला, म्हणजे माझ्या जागेवर, एक भलीमोठी डिझेलची गाडी आडवी उभी.

वॉचमन म्हणाला, "मालक आत नाश्ता करतायत." मी आत गेले. तीस वर्षं शाळा आणि नऊ वर्षं मंत्र, आवाज माझा कमावलेला आहे. दारात उभं राहून मी त्या गाडीचा नंबर असा काही उच्चारला की अख्ख्या हॉटेलातले चमचे थांबले. एक गृहस्थ मिसळ चावत उठले. "दोन मिनिटं थांबलात तर काय बिघडतं?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमची गाडी पितळेच्या देव्हाऱ्यात लावलीत तरी माझी ना नाही, पण इथे नको." त्यांनी गाडी काढली. कपाळावर आठ्या होत्या, पण काढली.

गन लावली तर ॲपला अपडेट हवं होतं. अपडेट झालं तर ओटीपी येईना. हात वर करून आवारात फिरले, तेव्हा कुठे तो आला. चार्जिंग सुरू झालं तेव्हा घड्याळात आठ वाजले होते. टॅक्सीवाला, साधारण पन्नाशीचा, विठ्ठलवाडीचा, गाडीला टेकून माझी सर्कस बघत होता. म्हणाला, "मावशी, दोन्ही गाड्या लागल्या की निम्मा निम्मा करंट येतो. माझी काढू काय?" मी नको म्हटलं. त्याचाही धंदा होता.

आकडा सहावर आला. आणि लाईट गेली.

हॉटेलचे पंखे थांबले, मिक्सर थांबला, चार्जरचा पडदा विझला. वॉचमन म्हणाला, आज दुरुस्तीचा दिवस आहे, आता अकराशिवाय येत नाही. मी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचाही राग आला. माझ्या ईर्षेपायी त्या बाईची जागा जाणार होती. गाडी माझी, मान माझा, हट्ट माझा, आणि किंमत मात्र तिने मोजायची.

तिला फोन लावला. "मी अडकलेय. साडेआठला पोचत नाही." पलीकडे सनईची रेकॉर्ड लागलेली. ती म्हणाली, "ते गुरुजी पाटाशी येऊन बसलेत, बाई. भाऊजी सोवळं नेसायला गेलेत."

तोवर मी तिला कधी एकेरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी तोंडातून गेलंच. "ऐक, अगं. भाऊजी यायच्या आत तू जाऊन पाटावर बस. आचमन कर. पळीभर पाणी हातावर घे, संकल्प म्हण आणि पाणी सोड. एकदा संकल्प सोडलास की यजमान तू. मग तुला ब्रह्मदेवही उठवू शकत नाही."

"तुमच्याशिवाय?"

"पाठ आहे ना तुला? मग झालं तर. फोन चालू ठेव, चुकलीस तर मी सांगते."

 ती म्हणाली, "नको बाई. फोन ठेवते. दोन्ही हात लागतील."

फोन बंद झाल्यावर टॅक्सीवाल्याने विचारलं, "कुठं जायचंय?" नौपाडा म्हटलं. "माझी अडतीस टक्के झालेय. बसा. सामान टाकतो मी." त्याने माझे चौरंग डिकीत नीट आडवे ठेवले, होमकुंड माझ्या पायाशी दिलं. वाटेत माजिवड्याला सगळं तुंबलेलं. तो म्हणाला, "मी पण काल भिवंडीत असाच लटकलेलो. लोक बोलतात, कशाला घेतली? अरे, घेतली तर घेतली." मी मान डोलावली. 

हॉलवर पोचले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. होमकुंड कमरेवर घेऊन मी आत शिरले आणि दारातच थांबले. ती पाटावर बसली होती, पाठ ताठ, हिरवा शालू, कपाळावर कुंकू. पुण्याहवाचनाआधीची, समोरच्या सुपारीवरच्या गणपतीची पूजा संपत आली होती आणि ती मोठ्याने, शाळेतल्या मुलीसारखी एकेक शब्द सुटा करून म्हणत होती. एका ठिकाणी विसर्ग चुकला. मी बोलले नाही. दीर सोवळं नेसून भिंतीशी उभे होते. त्यांचे गुरुजी मांडी घालून बाजूला बसले होते आणि हळू आवाजात त्यांना सांगत होते, "संकल्प सोडलाय त्यांनी. आता मधून उठवलं तर कार्याला दोष लागतो. मला ते करता येणार नाही." ज्या माणसाने विधवेला बसता येत नाही म्हटलं, त्यानेच शास्त्राला धरून तिची जागा राखली. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले तेव्हा ते जरा सरकले आणि म्हणाले, "पुण्याहवाचनापासून तुम्ही घ्या."

पुढचं मी सांगितलं. मुहूर्त साधला, मंगलाष्टकं झाली. कन्यादानाला मुलीचा हात वराच्या हातात देताना वरून पाण्याची धार धरावी लागते, आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले. झारी कोण धरणार, असं मी विचारलं. कोणी हललं नाही. मग इतका वेळ एक शब्द न बोललेली तिची जाऊ नवऱ्याच्या शेजारून उठली, नवऱ्याकडे न बघता आली आणि तिने झारी उचलली. धार तिने शेवटपर्यंत तुटू दिली नाही.

पंगतीत ती माझ्याशेजारी येऊन बसली. माझी गाडी अजून त्या हॉटेलच्या आवारात सहा टक्क्यांवर उभी होती. ती मी संध्याकाळी आणणार होते आणि उद्याही चालवणार होते. पण तिच्यापुढे मला फार ओशाळल्यासारखं झालं होतं. मी माफी मागितली. माझ्या हट्टापायी तुला एकटीला बसावं लागलं, म्हटलं.

तिने ताटातला वरणभात कालवत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खरं सांगू, बाई? तुम्ही वेळेवर आला असतात ना, तर भाऊजी जन्मभर म्हणाले असते की डोंबिवलीच्या बाईंनी हिला बसवलं." तिने घास उचलला. "आज मला कोणी बसवलं नाही."

नऊ वर्षं मी घरोघरी सांगत हिंडले की बाईने पूजा सांगितली तर काही बिघडत नाही. आणि ही बाई माझ्या तोंडावर सांगत होती की मी नव्हते म्हणून बरं झालं. मला आधी राग आला, खरंच आला. मग मला इतकं भरून आलं की समोरचं ताट दिसेना, आणि वाढप्याने विचारल्यावर मी नको म्हणायचंही विसरले.