ऐंशी लिटर समुद्र

मामांना कुणी पाण्याचा ग्लास हातात दिला की ते आधी तो उजेडाकडे धरायचे. खिडकी असली तर खिडकीकडे, नसली तर ट्यूबलाइटकडे. डावा डोळा मिटून उजव्यानं आरपार बघायचे, ग्लास जरासा फिरवायचे आणि म्हणायचे, "हां. पाणी बरं हाय." मगच प्यायचे. ओळखीची माणसं हसायची, नव्यांचा चेहरा पडायचा. आमच्या कारखान्याच्या मालकांकडे वास्तुशांतीला गेलो होतो तेव्हा मालकीणबाईंनी घाबरून विचारलं, "मामा, काही पडलंय का त्यात?"

"न्हाई वैनी," मामा म्हणाले, "नुसती इचारपूस करतोय."

कापडाच्या दुकानात शिरलं की प्रत्येक ताग्याला बोट लावून बघणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मामांचं पाण्याशी तसं होतं. मूळचे ते आटपाडीकडचे. लहानपणी पाणी टँकरनं यायचं. मोठेपणी नोकरी लागली तीही पाण्याचीच.

नात्यानं ते माझे कुणी नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे; कुपवाडला एका प्लेटिंगच्या कारखान्यात आम्ही अकरा वर्षं एकत्र होतो. लोखंडाच्या आणि पितळेच्या वस्तूंवर निकेल-क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायचं काम. मुलाम्याच्या टाक्या मामांच्या ताब्यात, आणि बाहेर आलेल्या मालावर डाग, फोड, ओरखडे शोधायचं काम माझ्याकडे. टाकी बिघडली की माल नापास व्हायचा. पण मी माल हातात घ्यायच्या आधीच मामांना ते कळलेलं असायचं. नुसत्या बुडबुड्यांकडे बघून सांगायचे, "ताई, जरा दमानं घ्या. पाणी नाराज हाय आज."

त्या टाक्यांच्या वाफांनी मामांची एक गोष्ट कायमची नेली होती. त्यांना वास येत नव्हता. अजिबात. तरुणपणी तोंडाला नुसतं फडकं बांधून काम केलं, त्याचा परिणाम. डब्यातली भाजी आंबली आहे का, हे ते मला विचारून खायचे. "नाक कारखान्यात जमा करून टाकलंय," म्हणायचे, आणि आपणच हसायचे.

चौतीस वर्षं काम करून मामा निवृत्त झाले. त्यांचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पुढं, त्यामुळे भेट व्हायची. पण रिकामेपण त्यांना सोसत नव्हतं. सकाळी उठून गल्लीतल्या लोकांच्या पाण्याच्या टाक्यांत डोकावून बघायचे. मामी वैतागल्या होत्या.

मग मामींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मिरजेच्या एका दवाखान्यात. तिथं बाकांच्या समोर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. आत खडक, खडकावर प्रवाळ, त्यात नारिंगी मासे. मामी ऑपरेशन होऊन, डोळ्याला पट्टी बांधून बाहेर आल्या तरी मामा टाकीला नाक लावून उभे. नर्सनं तीनदा हाक मारली म्हणे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते थेट कारखान्यात आले. डबे खायच्या खोलीत शिरताना चप्पलसुद्धा काढायला विसरले.

"ताई, त्यात मीठ असतंय! मी डॉक्टरास्नी इचारलं. मिठाचं पाणी, मोजून मापून केलेलं, आमच्या टाकीसारखं. आणि आत जीव! दगडावर फुलासारखं काय तरी हाय, ते पण जनावर हाय म्हणं."

"मग?"

"मग काय? चौतीस वर्षं मी पाण्यात कायबाय घालत आलो. माझ्या टाकीत माशी पडली तरी वाचली न्हाई कवा. आता एकदा असं पाणी करायचं, का त्यात काय तरी जगलं पायजे."

एवढं बोलून ते माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाऊन गेले. स्वतःचं जेवण घरी राहिलं होतं.

सांगलीच्या एका काचवाल्याकडून दोन फुटांची टाकी करून घेतली. ऐंशी लिटरची. बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या जागी टाकी आली आणि टीव्ही कपाटावर गेला. मामा दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ बघायचे. सगळे इंग्रजीत. मामांचं इंग्रजी कारखान्यापुरतं, पण ते म्हणायचे, "बोलणं कळत न्हाई, पण हात कळत्यात. तो काय करतोय ते बघायचं."

मीठ कुरियरनं आलं. मामींनी खोकं उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आवं, कोपऱ्यावरच्या दुकानात मिठाचे पुडे पडलेत की!"

"ते भाजीचं. हे समुद्राचं," मामा म्हणाले. समुद्रात निव्वळ मीठ नसतं, चुना असतो, मॅग्नेशियम असतं, हे त्यांनी मामींना, मला, दूधवाल्याला आणि टाकी पोचवायला आलेल्या टेंपोवाल्याला सांगितलं.

पाणी कालवायचा रविवार मला आजही लख्ख आठवतो. एका जाड बादलीत फिल्टरच्या शुद्ध पाण्यात मीठ टाकत, ढवळत, मामा काचेचा हायड्रोमीटर सोडून बघत होते. पाण्याचा दाटपणा दाखवणारी ती नळी त्यांनी आयुष्यभर वापरलेली. आणखी चिमूटभर मीठ. पुन्हा नळी. पुन्हा चिमूटभर. नळीवरची हवी ती रेघ पाण्याच्या पातळीशी आली तसे ते ओरडले, "आलं! ताई, बघा, आला समुद्र!" मामी स्वयंपाकघरातून पोळी लाटता लाटता लाटणं घेऊनच बाहेर आल्या.

गल्लीत बातमी पसरली. लोक यायचे आणि टाकीत बघायचे. आत पाणी आणि दगड. "मामा, दगड बघायला बोलावलं व्हय?" शेजारचे काका म्हणाले.

"पाणी पिकायला लागतंय," मामा म्हणायचे. खडकांवर चांगले जंतू वाढले की माशांची घाण तेच पचवतात. तोवर मासा सोडायचा नाही. त्या जंतूंना खाऊ म्हणून मामा रोज अमोनियाचे मोजके थेंब टाकायचे. एकदा लेबल निघालेली बाटली माझ्यापुढं धरून म्हणाले, "ताई, ही अमोनियाची का सिरक्याची, तेवढं सांगा." मी जोरात हुंगलं. पुढची दहा मिनिटं मला काही दिसत नव्हतं. "म्हंजे अमोनियाच," मामा शांतपणे म्हणाले आणि बाटलीवर पेननं लिहिलं.

तेव्हापासून मी मामांचं नाक झाले. कामावरून येताना स्कूटी त्यांच्या दारात लावायची, आत जाऊन टाकीवर वाकायचं आणि सांगायचं. पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी म्हणाले, "मामा, वेगळाच वास येतोय. मी घरच्यांबरोबर मालवणला गेले होते ना, तिथल्या किनाऱ्यासारखा." मामा खुर्चीवर बसले. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. "कसा असतोय तो वास? नीट सांगा." मला नीट सांगता येईना. ओल्या दगडासारखा, म्हणाले. थोडा शेवाळासारखा. ते मान हलवत ऐकत राहिले.

मग जीव आले. शेवाळ खाणाऱ्या सहा गोगलगायी, एक लाल कोळंबी आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. त्या दिवशी मामांनी गल्लीत पेढे वाटले. मामी भाजी निवडायला टाकीसमोरच बसल्या आणि माशांशी बोलायला लागल्या.

चौथ्या दिवशी कोळंबी आडवी झाली. पाचव्या दिवशी गोगलगायी काचेवरून खाली गळून पडल्या. मी पोचले तेव्हा मामांनी त्या एका ताटलीत ओळीनं मांडून ठेवल्या होत्या. शंखात शिरलेली गोगलगाय जिवंत आहे की मेलेली, हे डोळ्यांना कळत नाही, वासावरच कळतं.

"सांगा," मामा म्हणाले.

मी एक उचलून हुंगली आणि नाही अशी मान हलवली. दुसरी. तिसरी. सहावीला माझ्याच्यानं मान वर करवेना.

मासे मात्र मजेत फिरत होते. मामा बराच वेळ त्या माशांकडे बघत बसले. मग उठून पाणी कालवायची बादली अंगणात नेली आणि उन्हात उलटी धरली. काठाच्या वळणात, आतल्या बाजूला, निळसर रेघ होती.

"तांबं," ते म्हणाले. "माशाला थोडंफार सोसतंय. ह्या जीवांना न्हाई."

बादली कारखान्यातली होती. निकेलच्या आधी तांब्याचा हात द्यायचो, त्या टाकीजवळची. जाड, मजबूत म्हणून मामांनी निवृत्त होताना मागून आणली होती. त्यांनी ती दहादा धुतली होती.

मासे एका नव्या टबात गेले. टाकी रिकामी झाली. दगडांनी तांबं पिलं असणार म्हणून दगडही टाकून दिले. नंतर आठ दिवस मामा कुठं दिसले नाहीत. शेवटी मामींचा फोन आला, "ताई, एकदा येऊन जावा. जेवत न्हाईत धड."

मामा रिकाम्या टाकीसमोर बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "चौतीस वर्षांचं हाय, ताई. धुतलं म्हणून जातंय व्हय? माझ्या हातालाच हाय ते."

मामी आतून आल्या. त्यांच्या हातात कोरी पांढरी बादली होती. बाजारातून स्वतः आणलेली, आणि तिच्यावर नेलपॉलिशनं लिहिलं होतं: टाकीची. हात लावू नये.

"हात तेच राहू द्यात," मामी म्हणाल्या. "बादली नवीन घ्या."

मामा एकदा बादलीकडे आणि एकदा मामींकडे बघत राहिले. मग बादली उजेडाकडे धरून आत डोकावले. मी हसू दाबलं. मामींनी दाबलं नाही.

दुसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून. नवी काच, नवे दगड, पुन्हा पाच आठवडे. तोवर उन्हाळा आला. कुपवाडचं ऊन तुम्हाला माहीत असेल. पत्र्याखाली माणूस शिजतो, तिथं ऐंशी लिटर पाण्याची काय कथा. मामांनी टाकीवर छोटा पंखा बसवला, उडालेल्या पाण्याइतकं साधं पाणी दिवसातून चारदा भरलं. मीठ उडत नाही, पाणी उडतं, म्हणून. स्वतः मात्र घामानं निथळत बसायचे. घरातला तो एकच पंखा बरा चालत होता.

या वेळी गोगलगायी जगल्या. आणि मग पुण्याच्या एका हौशी माणसाकडून प्रवाळाचा तुकडा आला. समुद्रातून उपटलेलं काही घ्यायचं नाही, टाकीत वाढलेलंच हवं, यावर मामा ठाम होते. तुकडा बघून माझी निराशा झाली. दगडाला चिकटलेलं जांभळं कातडं, बस. दोन दिवस गेले, चार गेले. कातडं कातडंच राहिलं. मामा रात्रीसुद्धा उठून टाकीत डोकावायचे.

सातव्या दिवशी मी नळांची खोकी तपासत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, उघडलं!"

"काय उघडलं?"

"आवं, उघडलं! सगळं उघडलं! या लौकर!"

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. पोचले तर दारात चपलांचा ढीग. आत गल्ली जमलेली, आणि टाकीत त्या जांभळ्या कातड्यावर हिरव्या चांदण्या उभ्या राहिलेल्या. नखाएवढ्या, प्रत्येकीला आठ बारीक पाकळ्या, पाण्याबरोबर डोलणाऱ्या. वाऱ्यावरच्या कोवळ्या ज्वारीसारख्या. शेजारचे काका दगडांची चेष्टा विसरून मांडी घालून बसले होते. मामा कुणालाच काही समजावून सांगत नव्हते. हे मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी मला पुढं ओढलं आणि हळूच म्हणाले, "जगलं, ताई."

वर्षभरात ती हिरवळ अर्ध्या खडकावर पसरली. साताऱ्याच्या एका शाळेतल्या बाईंशी मामांची फोनवर ओळख झाली. विज्ञान शिकवायच्या, मुलांसाठी अशीच टाकी करत होत्या. कुरियरनं मागवलेलं प्रवाळ दोनदा मरून पोचलं होतं आणि बाई खचल्या होत्या. मामांनी तासभर त्यांच्या पाण्याची चौकशी केली. बादली कुठली, हे पण विचारलं. मग म्हणाले, "बाई, कुरियर कशाला? मी येतो की."

हातमोजे घालून, कारखान्यातला जुना चष्मा लावून मामांनी तळहाताएवढा तुकडा कापला.

मामांना जाऊन आता दीड वर्ष झालं. साताऱ्याहून आल्यावर तीनच महिन्यांनी, झोपेतच. टाकी मामी चालवतात. हायड्रोमीटर त्यांना माझ्यापेक्षा चांगला वाचता येतो. परवा साताऱ्याच्या बाईंचा फोन आला होता. त्यांच्या टाकीतलं प्रवाळ इतकं वाढलं की त्यांनी दोन शाळांना तुकडे दिले आहेत.

मला मात्र सांगलीच्या स्टँडवरची ती सकाळ आठवते. मी मामांना स्कूटीवरून सोडायला गेले होते. प्रवाळ थर्मासमध्ये, टाकीच्याच पाण्यात. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, लग्नाला निघाल्यासारखे. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं थर्मासकडे बघून विचारलं, "चहा का, मामा?"

"न्हाई, जिवंत हाय."

"काय जिवंत हाय?"

"बसा, सांगतो," मामा म्हणाले, आणि कंडक्टर खरंच शेजारी टेकला. मामांचं सुरू झालं. समुद्रात निव्वळ मीठ नसतंय, चुना असतोय... मागच्या सीटवरची बाई पुढं वाकली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला तेव्हा कुठं कंडक्टर उठला.

गाडी हलली. मी हात केला. मामांनी मला बघितलं, तोंडभर हसले. पण थर्मास दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला होता, त्यामुळे त्यांना हात काही करता आला नाही.