पुढच्या सीटवर कोण बसलं होतं?

आमची जुनी गाडी माझ्या मेव्हण्याच्या वजनाने मोडली नाही. नागपूरपासून बेंगळुरूपर्यंतच्या नातेवाइकांत याच्या अगदी उलट माहिती पक्की झाली आहे. ती पक्की करण्यात माझाच मोठा हात असल्यामुळे डोळे मिटण्यापूर्वी खरं सांगून टाकणं भाग आहे.

आधी माझी लायकी सांगतो. सरकारी कारखान्यात मी गंजप्रतिबंधाचं काम करत असे. लोखंड कशाने गंजतं हे नव्या इंजिनिअरांना शिकवत शिकवत निवृत्त झालो. (त्यातले बरेचसे आता परदेशात आहेत. त्यांच्या गाड्या उत्तम असतील.)

निवृत्तीनंतर ते सगळं ज्ञान एकट्या आमच्या गाडीवर येऊन पडलं. बोनेट उघडलं की दोन्ही बाजूंना वाटीसारखा जाड पत्रा दिसतो. चाकाचा शॉकॲब्सॉर्बर खालून येऊन तिथे बोल्टने बसतो, ते त्याचं माउंटिंग. चाकाने उडवलेला चिखल तिथे साचतो, ओल धरतो आणि पत्रा खातो. म्हणून मी दर रविवारी चाकाच्या वरच्या पोकळीत पाइप घालून ती जागा धुऊन काढत असे.

मग पाणीटंचाईचा उन्हाळा आला. टँकर त्याच्या मर्जीने येई. बोअरवेलचं जड पाणी मऊ करणारं एक यंत्र आमच्याकडे आहे. त्याला मीठ घालावं लागतं आणि ते स्वतःला धुतं तेव्हा बादल्याच्या बादल्या खारं पाणी बाहेर सोडतं. माझ्या पत्नीने, कुमुदने, काटकसर म्हणून ते कढीपत्त्याला घातलं. कढीपत्ता वाळून गेला. "मोरीत ओता आता ते," ती म्हणाली. पण अशा दिवसांत पाणी मोरीत ओतायला माझं मन धजेना. झाड सजीव असतं, गाडी नसते, असा शास्त्रीय विचार करून, कुमुद देवळात गेली की मी ते पाणी गाडीच्या पोटात मारू लागलो. गंज येऊ नये म्हणून!

पुढच्या वर्षी समोरून, डावीकडून टकटक ऐकू येऊ लागली. वाकून पाहिलं तर माउंटिंगला पापुद्रे सुटलेले. गंज चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडायचा, मग प्रायमर, मग रंग, आणि पत्रा पातळ झाला असेल तर सरळ वेल्डिंगवाल्याकडे जायचं, हे मी जन्मभर शिकवलं. पण पाठ दुखत होती. मी गंजावरच काळा रंग फासला. फार छान दिसायला लागलं.

अशा गाडीतून मी कुमुदच्या धाकट्या भावाला, नागपूरच्या विलासला, आणायला बेंगळुरूच्या यशवंतपूर स्टेशनवर गेलो. विलास अंगाने भरभक्कम आणि खाण्यात दिलदार. मांडीवर संत्रा बर्फीचे डबे घेऊन तो पुढे, माझ्या डावीकडे बसला. स्टेशनबाहेरच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर धाडकन आवाज झाला. बोनेट खालून गुद्दा बसल्यासारखं वर आलं आणि गाडीने त्या बाजूला गुडघा टेकला.

"भाऊजी, काही मोडलं काय?" विलासने डबे सावरत विचारलं.

दोन रिक्षावाल्यांनी हात लावून गाडी जवळच्या गॅरेजात ढकलली. मेकॅनिकने बोनेट उघडून पत्र्याला बोट लावलं. बोट आरपार गेलं. त्याने मला कन्नडमध्ये विचारलं की गाडी मंगळूरकडची आहे का, कारण असा गंज समुद्रकाठच्या गाड्यांनाच चढतो.

विलासला कन्नडचं अक्षर येत नाही. "काय म्हणून राहिला तो?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तोंडून निघालं, "विचारतोय, पुढच्या सीटवर कोण बसलं होतं."

नेमकं तेव्हाच मेकॅनिकने मान वर करून विलासकडे पाहिलं. (बर्फीकडे पाहिलं असेल.) विलासचा चेहरा पडला, आणि त्यानेच फोन करून घरी कळवलं, "ताई, माझ्यानं भाऊजींची गाडी मोडली."

तेव्हापासून कुठल्याही लग्नाकार्यात भाचे म्हणत, मामा, मधोमध बसा, बॅलन्स राहील. सगळे हसत आणि सगळ्यांत मोठ्याने मी. विलासही हसे. पण हळूहळू त्याने लोकांच्या गाडीत बसणं सोडलं, मग गोड सोडलं. पंगतीत आपल्या वाटणीचं तो शेजारी सरकवी. शेजारी बहुधा मी असे.

मागच्या महिन्यात बसवनगुडीच्या एका हॉलमध्ये आमच्या नातीचं बारसं झालं. वाढपी तुपात न्हालेली होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, घेऊन आला. विलासने पानावर आडवा हात धरला.

"नको. परत जायला भाऊजींच्याच गाडीत बसायचं आहे."

तो गमतीने बोलला नव्हता. मी हातातला घास पानात ठेवला. (तो घासही मूळ त्याच्याच पानातला.)

"विलास, तो मेकॅनिक तुझ्याबद्दल बोलतच नव्हता."

"मग?"

"गंजाबद्दल बोलत होता. मीच मिठाच्या पाण्याने गाडी धूत होतो."

पलीकडून कुमुद वाकली. "कोणतं पाणी? कढीपत्ता मेला ते?"

"तेच."

"मी एकदाच घातलं होतं हो. मला तेवढ्यावर समजलं."

विलासने पानावरचा हात बाजूला घेतला आणि पुढे गेलेल्या वाढप्याला हाक मारली, "अण्णा, या इकडे. तुपाचा हात आखडू नका."

इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. मी समाधानाने मागे रेललो. त्याबरोबर माझ्या लोखंडी खुर्चीचा मागचा पाय वाकला आणि मी जमिनीवर आलो. विलासने एका हातात होळिगे सांभाळत दुसरा हात मला दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, अतिशय गंभीरपणे म्हणाला, "गंज असेल, भाऊजी."

मी बसल्या जागेवरून खुर्चीचा पाय तपासला. खुर्ची नवीकोरी होती. गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.