चौथ्या हीटरशेजारची पिन

अनंता गेला त्याला महिना झाला. फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होतो. एक गोष्ट मी वीस वर्षं टाळत आलो, ती आता लिहून टाकतो, कारण त्याचे थोरले भाऊ, दादा, हा अंक वाचतात. दादा, तुमच्या गाडीचं इंजिन अनंतामुळे नाही, माझ्यामुळे गेलं.

अनंता गिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडल्यावर तो करी रोडच्या आमच्या चाळीच्या आवारात लोकांच्या गाड्या दुरुस्त करू लागला. गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी दादांची जुनी डिझेल गाडी चालू होईना. डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक हीटर असतो, सकाळी तो आतली हवा तापवतो. अनंताने एका बल्बची वायर बॅटरीला जोडली आणि दुसरी एकेका हीटरला टेकवली. बल्ब पेटला तर हीटर चांगला.

"दुसरा आणि चौथा मेलेत, पक्या. हे बाम चोळून बरे होणारे नाहीत."

दुसरा हीटर बदलून तो चहा आणायला वर गेला. चौथ्यापर्यंत पाना पोचत नव्हता. आपणही काही करून दाखवावं असं मला वाटलं. शेजारच्या तापमानाच्या सेन्सरवरची वायरची पिन मी उपसली, हीटर बसवला... आणि पिन लोंबतच राहिली.

"सगळं जागेवर लावलंस ना रे?" अनंताने चहा देत विचारलं.

"हो रे बाबा."

गाडी एका किल्लीत चालू झाली.

गावी जाताना अनंता आणि मीही गाडीत होतो. घाटात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप फुटला. सेन्सरची पिन सुटलेली, त्यामुळे तापमानाचा काटा थंडच दाखवत होता. दादा त्याच्या भरवशावर चालवत राहिले, इंजिन जाम होईपर्यंत. बोलावलेल्या मेकॅनिकने ती पिन बोटाने उचलून दाखवली. "हे काम कोणाचं?"

दादा अनंताकडे वळले. "गिरणीत पण असंच करायचास काय रे?"

"माझंच बघायचं राहिलं," अनंता म्हणाला. मी बाटलीतलं पाणी पीत उभा होतो.

त्यानंतर चाळीत कोणी त्याच्याकडे गाडी दिली नाही. त्याने जवळच्या टॉवरवर वॉचमनची नोकरी धरली. गेटमधून गाडी गेली की आवाजावरून मला सांगायचा, "ह्याचा बेल्ट गेलाय." मालकाला मात्र कधी सांगायचा नाही.

अनंता परळच्या हॉस्पिटलात होता तेव्हा मी एकदा सुरुवात केली. "अनंता, त्या पिनचं तुला सांगायचंय."

त्याला धाप लागली होती. "रविवारी ये. आज बोलवत नाही रे."

मी लगेच उठलो. जिना उतरताना सुटल्यासारखं वाटलं. रविवारी मी घरीच बसून राहिलो... मंगळवारी तो फोन आला.

तेराव्याला अनंताच्या पत्नी, वहिनी, मला म्हणाल्या, "त्या रविवारी ह्यांनी सिस्टरकडून तुमच्यासाठी खुर्ची मागून ठेवली होती."