तुळशीरामने न चाखलेली व्हिस्की

तुळशीराम वानखडे गेल्याचं मला अमरावतीच्या मोटारस्टँडवर कळलं. मी अकोल्याला त्यालाच भेटायला निघालो होतो. आमच्या कॉलेजातला शिपाई धावत आला नि म्हणाला, “सर, गाडीत बसू नका... वानखडे सर सकाळीच गेले.” मी बसलो. माणूस गेला म्हणून त्याच्याकडे जायचं रद्द करायचं, हे मला पटेना. वाटेत मूर्तिजापूर आलं तेव्हा मात्र खिडकीबाहेर बघवलं नाही. तिथल्याच एका मातीच्या घरातून निघून हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला होता.

आम्ही दोघं एकाच वर्षी कॉलेजात लागलो. मी भिक्षुकाच्या घरातला, संस्कृत शिकवणारा. तो मला ‘पंडित’ म्हणायचा आणि त्यात आदर किती नि टवाळी किती, ते मला कधीच कळलं नाही. साठ सालानंतरच्या एका हिवाळ्यात त्याला मोठा ताप आला. ताप उतरला, पण वास यायचा बंद झाला. पठ्ठ्यानं कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस प्रयोगशाळेत सडक्या अंड्यांसारखा वास मारणाऱ्या वायूचं उपकरण उघडं राहिलं, सगळा वर्ग नाक दाबून व्हरांड्यात पळाला आणि हा एकटा फळ्यावर शांतपणे लिहीत उभा. तो वायू विषारी. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत वास परत आला नाही तर प्रयोगशाळा सोडा, ग्रंथालय सांभाळा. त्यांचंही काही चुकलं नव्हतं. पण तुळशीरामच्या घराण्यात त्या प्रयोगशाळेच्या दारातून आत गेलेला तो पहिला माणूस होता. “मी पुस्तकं झटकनार नाई,” तो मला म्हणाला. “नाक इसरलं तं त्याले पुन्हा शिकवीन.”

डॉक्टरांनी हात टेकले होते. रोज तेच ते वास हुंगत राहा, आला तर येईल, एवढंच ते म्हणाले. हिंग झाला, रॉकेल झालं, शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची साल झाली. सगळं कोरं. त्याच सुमारास आमचा एक मित्र सरकी काढायची यंत्रं बघायला जपानला जाऊन आला आणि येताना स्वेटरात गुंडाळून व्हिस्कीची बाटली घेऊन आला. दिवस दारूबंदीचे, मी उठून दार लावून घेतलं. मित्र म्हणाला, “महाग नाही रे ही. तिथले कामगार काम सुटल्यावर पाणी घालून पितात. पाच-सहा पिपांतली दारू एकत्र करून बनवतात.” हे ऐकून तुळशीराम सरसावून बसला. मिश्रण म्हटलं की त्यातलं एकेक वेगळं काढायचं, हा त्याचा धर्मच. मी पटकन म्हणालो, “मग घे एक घोट. घशातून वास वर चढेल. औषध म्हणून घे.” त्यानं बाटली टेबलावर ठेवली.

“औषध म्हनून पिनारे लय पाह्यले मी, पंडित. माहा बाप तसाच पेत होता. नागपुरात दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं सोडली, मंग मरेपर्यंत ओठाले लावली नाई. मीबी त्याच्या बाजूले उभा राहून तेच बोललो हाव. नाक गेलं तं जाऊ दे, जबान नाई जानार.”

मग त्यानंच तोड काढली. चाखायचं मी, हुंगायचं त्यानं. रोज कॉलेज सुटलं की त्याच्या खोलीवर आम्ही बसायचो. तो काचेच्या बशीत कोमट पाण्यावर चार थेंब टाकून नाक खाली घालायचा, मी पाणी घालून एक घोट घ्यायचो आणि मग त्याची उलटतपासणी सुरू व्हायची. “कशी हाये?” बरी आहे, म्हटलं की चिडायचा. “बरी मंजे? कालिदास शिकवतो ना तू?” हळूहळू मलाच जीभ फुटली. आधी जाळ, मग काकवीसारखा गोडवा, मग ओलं लाकूड आणि अगदी शेवटी, घोट गिळून झाल्यावर, विझत आलेल्या चुलीचा धूर.

होळीच्या आधी एकदा तो ओरडला, “आला बे! धूर येऊन राहिला!” मला रडूच आलं. पण तोच म्हणाला, “थांब. मले फसवून पाह्य.” दुसऱ्या दिवशी मी बशीत व्हिस्कीऐवजी कोऱ्या चहाचे थेंब टाकले. त्यानं डोळे मिटून हुंगलं आणि म्हणाला, “धूर.” मी खोटं बोलू शकलो असतो... नाही बोललो. “मंजे तू सांगतलेलाच वास मी हुंगून राहिलो होतो,” तो म्हणाला आणि बशी धुवायला उठला. धुतली, पुसली, पुन्हा मांडली. “चाल, टाक.”

त्यानंतर रोज मी कधी चहा टाकायचो, कधी व्हिस्की, आणि तोंडातून अवाक्षर काढायचो नाही. तो रोज म्हणायचा, “काई नाई.” परीक्षा जवळ आल्या तेव्हा एका संध्याकाळी तो बशीवरून मान वर काढेना. मग हळूच म्हणाला, “पंडित, धूर मले अजून आला नाई. पन हे सुताराच्या रंद्याखालचं सागवान हाये. काहून सांगतलं नाई तू हे?” मी घाईनं घोट घेतला. होतं. खरंच होतं, आणि इतके दिवस पिऊन मला ते सापडलं नव्हतं. मग एकेक वास परतत गेला नि त्यानं प्रयोगशाळा सोडली नाही. पुढे अकोल्याला विभागप्रमुख होऊन गेला.

त्याच्या मागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर सगळे गेल्यावर त्याच्या बायकोनं, शांतावहिनींनी, कपाटातून ती बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. निम्मी होती. गेली ती निम्मी सगळी माझ्या पोटात गेलेली. वहिनी म्हणाल्या, “रोज कॉलेजात जायच्या आधी बूच काढून वास घ्यायचे, भाऊजी. दवाखान्यातबी याच्यात बुडवलेला कापसाचा बोळा मागतला.” मग त्यांनी विचारलं, “लागते कशी हो ही? त्यायले इचारलं तं म्हनत, मले काय माहीत, पंडिताले इचार.”

मी पाणी मागितलं, एक घोट घेतला आणि त्याला सांगायचो तसं सावकाश सांगितलं. जाळ, काकवी, ओलं लाकूड, रंद्याखालचं सागवान, शेवटी धूर. वहिनींनी बूच नाकाशी धरलं. “सागवान हाये,” त्या म्हणाल्या.