स्क्रीनवरच्या पाहुण्याला नमस्कार

आमच्या घरी व्हिडिओ कॉल एकट्याचा नसतो. कोणाचाही आला की फोन घरभर फिरतो. भाजी निवडणारीच्या तोंडासमोर धरायचा, झोपलेल्याला उठवून दाखवायचा, आणि पलीकडे जो कोणी दिसेल त्याला नमस्कार करून जेवण झालं का विचारायचं. न विचारणारा माणूस शिष्ट ठरतो. माझी लेक बालवाडीत होती तेव्हापासून मी तिला हे शिकवलं आहे. बोबड्या बोलात ती फोनमधल्या कोणालाही 'मामा' म्हणायची आणि आम्हाला कोण कौतुक वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात तर या फोनांनी कहर केला. माझ्या नणंदेची मुलगी अमरावतीला दिली. नव्या नवरीला करमेना, म्हणून ती दिवसातून दोनदा माझ्या लेकीला कॉल करायची, आणि तिच्या हातातला फोन मग सासू, दीर, मामेसासरे असा हातोहात फिरायचा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मला एकही चेहरा धड लक्षात राहत नव्हता, पण नमस्कारात मी कसूर केली नाही. नवे सोयरे, उगाच नावं ठेवायचे.

मी आर्वीला एका कचेरीत कारकून आहे. घर जवळ, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी येते. ह्यांचं बी-बियाण्यांचं दुकान, ते दिवसभर तिकडेच. लेक तेरा वर्षांची, सातवी पास झालेली, सुट्टीत सारा दिवस कूलरच्या खोलीत. माझा जुना फोन तिच्याजवळ. एकटी पोर, काही लागलं तर असावा म्हणून दिला, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं कारण वेगळं होतं. ती त्यात गुंतली की माझ्या मागची कटकट कमी व्हायची.

मे महिन्यातली दुपार. मी घरी आले, खोलीत डोकावले. ती पलंगावर बसलेली, फोनमध्ये एक माणूस. चाळिशीचा, चौकड्याचा शर्ट, मागे हिरवी भिंत. मी पदर सारखा केला आणि सरळ स्क्रीनमध्ये तोंड घातलं. "नमस्कार भाऊजी. झालं काय जेवण?"

तो जरा गडबडला. मग हात जोडून हसला. बोलला हिंदीत, पण आमच्याकडे निम्मी माणसं हिंदीतच बोलतात, त्यात काय नवल. घर कुठं म्हणून विचारलं. मी सांगितलं, बस डेपोच्या मागे, पिठाच्या गिरणीला लागून निळं फाटक. इकडे आलात की या, चहा घेतल्याशिवाय जाऊ नका. लेक डोळे फाडून माझ्याकडे पाहत होती. मला तिचा रागच आला. "तोंड शिवलं काय? काकाले नमस्कार कर, नीट बोल," म्हटलं आणि पोळ्या टाकायला गेले.

यानंतर चारच दिवसांनी मी दुपारी घरी आले, तर खोलीचं दार बंद. कूलर चालू असला की आमच्याकडे दार उघडं ठेवतात. हवेला बाहेर निघायला वाट नसली तर खोलीत नुसता दमटपणा होतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. माझं टाळकं सरकलं. "दार काऊन लावलं वं? कूलर काय भिंतीसाठी चालू हाय?" म्हणत मी ढकललं. तिनं फोन उशीखाली कोंबला. घामानं डबडबली होती. मी कूलरवरून सुरुवात केली ती तिच्या अकलेपर्यंत गेले, आणि ती रडायला लागली. कूलरवरून कोणी इतकं रडतं का? मला वाटलं, वय आहे, या वयात पोरी कशावरही रडतात. जेवून मी ऑफिसात निघून गेले.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढत होते. ती मागे येऊन उभी राहिली. "आई, त्या काकाले आपलं घर सापडन काय?"

"कोणत्या काकाले?"

"तू नमस्कार केला होता ना, त्या दिवशी."

"मंग? अमरावतीच्या दीदीच्या सासरचे हायेत ते. आले तर येऊ दे."

"ते दीदीच्या सासरचे नाई," ती म्हणाली. "कोण हाय ते मलेच नाई माहीत."

मग हळूहळू एकेक निघालं. अशी एक साइट असते म्हणे. कॅमेरा चालू केला की जगातलं कोणीही समोर येतं. नाही आवडलं तर 'नेक्स्ट' दाबायचं, दुसरं तोंड येतं. वर्गातल्या मैत्रिणीनं गंमत म्हणून दाखवली होती. त्या दिवशी हा माणूस नुकताच आला होता. "मी नेक्स्ट दाबूनच राह्यली होती, तेवढ्यात तू आली," लेक म्हणाली. "तू बोलून राह्यली होती, मंग मधातच कसं कापू?"

मी पोळ्या टाकायला गेल्यावर त्यानं तिचा इन्स्टाचा आयडी मागितला. तिनं दिला, कारण आई नीट बोल म्हणाली होती. मग रोज मेसेज. आई ऑफिसात किती वाजता जाते, बाबा कधी येतात. शेवटी, दार लाव, मग कॉल करतो. तिनं लावलं. तो काहीतरी करायला सांगायला लागला तेव्हा ती घाबरली, आणि तेवढ्यात मी ओरडत आत शिरले. "तू आली म्हणून मी बंद केला," ती म्हणाली, "अन् तू मले कूलरसाठी बोलली."

हातात वाळलेली चादर घेऊन मी तशीच उभी. राग तर असा आला होता की काय सांगू, पण तो कोणावर काढायचा हेच समजेना. तिच्यावर काढावा, तर तिनं माझंच ऐकलं होतं. त्या माणसावर काढावा, तर त्याला चहाला मीच बोलावलं होतं. अनोळखी माणसाशी बोलू नको, हे मी तिला हजारदा सांगितलं असेल. पण ते रस्त्यावरच्या माणसाबद्दल. आपल्या घरात, आपल्या पलंगावर, आपल्याच फोनमध्ये अनोळखी माणूस बसलेला असू शकतो, हे माझ्याच डोक्यात कधी आलं नव्हतं. पुढे तो काही आला नाही, खातंही गायब झालं. पण त्या दिवसांत फाटकासमोर मोटारसायकल थांबली की आम्ही दोघी एकमेकींकडे पाहायचो.

ह्यांना मी सांगितलं, पण सगळं नाही. पत्ता कोणी दिला ते तोंडातून निघालंच नाही. हे आधी फोन आपटायला निघाले, मग पोरीची शाळा बंद करायला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी म्हटलं, फोन फोडला तर मेसेज कुठून दाखवाल? तेव्हा कुठे थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही ठाण्यात गेलो. तिथली पोलीस बाई तरुण होती, मायेनं बोलली. मेसेज पुसले नाहीत म्हणून लेकीला शाबासकी दिली, एकेक नीट पाहिला. लिहिता लिहिता तिनं विचारलं, "घराचा पत्ता त्याले कसा माहीत झाला?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आधी लेक बोलली. "मी सांगितला."

ह्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की पोर खुर्चीत आक्रसली. आणि मी गप्प बसले. हो, बसले. का बसले, ते मला आजही उलगडलेलं नाही. ह्यांची भीती होती, लाज होती, की पोरीनं सांभाळून घेतलं तर बरंच झालं असं वाटलं, देव जाणे. ह्यांनी सही केली, आम्ही बाहेर आलो. हे गाडी काढायला गेले.

"खोटं काऊन बोलली?" मी विचारलं.

"बाबा तुले बोलले असते," ती म्हणाली. "मले तर बोलूनच राह्यले हायेत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांनी गाडी आणून उभी केली, मी बसले नाही. उतरा म्हटलं, लेकीचा हात धरला आणि तिघं परत आत गेलो. "मॅडम, ते खोडा. पत्ता हिनं नाई, मी दिला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काऊन दिला?"

मी सांगायला लागले. अमरावतीचे सोयरे, रोजचे कॉल, घरातली रीत. सांगता सांगता माझं मलाच ते पटेना. हे माझ्याकडे पाहत होते, बाईही पाहत होत्या.

तेव्हा लेक बाईंना म्हणाली, "तिले काही नका म्हणू. तिले खरंच माहीत नव्हतं."