जोशुआची आई

ममा जोशुआ कधी कुणाला ‘कशी आहेस’ असं विचारायची नाही. ती थेट विचारायची, “कुठे दुखतंय?” लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. आणि गंमत म्हणजे समोरचा माणूस, मग तो पेशावरचा असो नाहीतर मनिलाचा, जरा गोंधळून का होईना, खरं ते सांगून टाकायचा. एकदा आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी ‘बायको’ असं उत्तर दिलं. आम्ही सगळे हसलो, ती हसली नाही. लिफ्टचं दार पायाने अडवून तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच प्रार्थना सुरू केली. वरच्या मजल्यांवरचे लोक बटणं दाबून दाबून थकले, पण आमेन म्हणेपर्यंत तिने पाय काढला नाही.

ती युगांडाची. दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत आमच्याच बिल्डिंगमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत चार बायकांबरोबर राहायची. माझ्या मुलीच्या, रियाच्या शाळेच्या बसवर ती मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करायची. रियाला बस लागते. पहिल्याच आठवड्यात ती घरी येऊन म्हणाली, “आई, द बस लेडी प्रेड इन माय इअर.” मी तावातावाने खाली गेले, की माझ्या मुलीच्या कानात काय सांगता ते आधी मला सांगा. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं, आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, “ममा रिया, कुठे दुखतंय?” माझी कंबर खरंच दुखत होती. भांडण राहिलं बाजूला.

त्यांच्याकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव कुणी घेत नाही, ते अपमानाचं वाटतं. त्यामुळे ती ममा जोशुआ, मी ममा रिया, आणि जबल अलीच्या वेअरहाऊसमध्ये दिवसभर माणसांवर ओरडणारा माझा नवरा पापा रिया. त्याला ते इतकं आवडलं, की ऑफिसातही सांगून आला. मला मात्र हा प्रकार पुढे पुढे ऐकवेना. कारण तिला दिवसातून शंभर वेळा ज्याच्या नावाने हाक मारली जायची, तो जोशुआ तिच्याशी बोलतच नव्हता.

हे तिने मला फार सहज सांगितलं, पालक निवडता निवडता. नवरा दुसऱ्या बाईबरोबर निघून गेला तेव्हा जोशुआ सात वर्षांचा होता. नवऱ्याच्याच बहिणीकडे त्याला ठेवून ही दोन वर्षांसाठी म्हणून दुबईला आली. दोन वर्षांची किती झाली ते इथे येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. आत्याने पोराला वाढवलं आणि वाढवताना रोज सांगितलं, की तुझी आई तुला टाकून गेली. आधी तो फोनवर रडायचा. मग फोनवर येईनासा झाला. मग त्याने नंबर बदलला आणि नवा नंबर हिला द्यायचा नाही, असं घरात सगळ्यांना बजावलं. मी चिडून म्हटलं, “आणि ती आत्या? तिला काही लाजबीज?” तर म्हणे, “त्याला ताप आला तेव्हा तिने उशाशी बसून रात्री काढल्या. मी नव्हते. तिचं खोटं आहे, पण बसणं खरं आहे.” अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

तिची माणसं मात्र तिच्याभोवती घट्ट होती. अल क्वोजच्या गोदामावर सिक्युरिटी गार्ड असलेला ब्रदर मोझेस, सलूनमध्ये काम करणाऱ्या मुली, दोन ड्रायव्हर. रविवारी सगळे दोन गाड्यांत दाटीवाटीने बसून जबल अलीच्या चर्चला जायचे, आणि संध्याकाळी तिच्या खोलीत जमायचे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून गाणी अगदी हळू आवाजात म्हणायचे. कुणाची नोकरी गेली, कुणाचा बाप गावी वारला, की त्याला मध्ये बसवायचं, सगळ्यांनी त्याच्यावर हात ठेवायचे. ममा जोशुआ सुपरमार्केटमधल्या ऑलिव्ह ऑइलचं बोट कपाळाला लावायची. मोझेसचा पाय कामावर मोडला होता, तो तिच्या हातानेच सरळ झाला असं तो शपथेवर सांगायचा. प्लास्टर कुणी घातलं होतं, हे मी त्याला विचारून पाहिलं. तो म्हणाला, “डॉक्टरने. पण डॉक्टरला कुणी पाठवलं?”

माझा देवावरचा विश्वास सणावारापुरता. पण माझी आई चिपळूणला वारली तेव्हा पासपोर्ट व्हिसाच्या कामात अडकलेला, मला जाता आलं नाही. दिवसभर फोनवर लोक ‘धीर धर’ म्हणत होते आणि मला त्या प्रत्येकाचा राग येत होता. संध्याकाळी ही आली. नेहमीचा प्रश्न विचारला. मी नुसतं गळ्याकडे बोट केलं. तिने माझ्या मानेवर हात ठेवला आणि रियाचा गृहपाठ होऊन ती झोपायला जाईपर्यंत उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मी भात खाल्ला. त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते मी अजून ठरवलेलं नाही, पण तो हात मी विसरणार नाही.

तिच्या लोकांत एक रीत होती. देवाकडे काही मागायचं असेल तर ते मिळाल्याचे आभार आधीच मानायचे, तेही चारचौघांत उभं राहून. नोकरी लागायच्या आधी ‘नोकरी दिलीस, थँक यू’. ममा जोशुआ दर रविवारी उठून म्हणायची, “प्रभू, माझा मुलगा मला परत दिलास, थँक यू.” सगळे आमेन म्हणायचे. मी एकदा म्हटलं, “अगं, मिळाल्याशिवाय पावती कशी देतेस?” ती म्हणाली, “मिळाल्यावर तर कुणीही आभार मानेल, ममा रिया.”

गेल्या वर्षी जोशुआचं लग्न ठरलं. तिला ते भाचीकडून कळलं. भाचीने गुपचूप कळवलं, की लग्न फोनवर लाइव्ह दाखवणार आहेत, ही घे लिंक. बस्स, एवढंच. पण पुढच्या रविवारी ममा जोशुआ उभी राहिली आणि म्हणाली, “जोशुआने मला लग्नाला बोलावलं. थँक यू, जीझस.” इतक्या वर्षांच्या सवयीने तिने आधीच आभार मानले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या माणसांनी आमेन म्हटलं. फरक इतकाच, की या वेळी सगळ्यांना ते खरंच घडलं असं वाटलं. मला वाटतं, बोलता बोलता तिलाही वाटलं.

मग धांदल सुरू झाली. ड्रॅगन मार्टमधून जांभळं कापड आलं. तिच्यासाठी गोमेसी शिवली. खांद्यांवर टोकं उभी असलेला आणि कमरेला रुंद पट्टा बांधायचा तो त्यांचा पायघोळ झगा, लग्नात आईने घालायचा. उरलेल्या कापडाचे आम्हा सगळ्या बायकांना रुमाल, डोक्याला बांधायला. मी नवऱ्याला म्हटलं, “तिला कुणी बोलावलेलं नाही रे. मला दिसतंय ते.”

“मग सांग तिला.”

“तू सांग.”

“मी? मी कोण सांगणारा? यल्ला, चल, तो रुमाल बांध आणि जा मुकाट्याने.”

मी तिला एवढंच विचारलं, की तू जात का नाहीस? म्हणाली, “शाळा चालू आहे, लीव्ह देत नाहीत.” तिने लीव्ह मागितलीच नव्हती, हे मला बसच्या ड्रायव्हरने सांगितलं.

शनिवारी दुपारी आम्ही सगळे त्या खोलीत जमलो. पलंगांचे पडदे वर बांधले होते, भात, मटण आणि उकडलेल्या कच्च्या केळ्यांचं पातेलं कोपऱ्यात झाकून ठेवलं होतं. मोझेसने फोन टीव्हीला जोडला. पडद्यावर जोशुआ आत आला. उंच, थेट तिचं कपाळ. खोलीतल्या बायकांनी जीभ हलवत आनंदाची किलकारी दिली. ममा जोशुआ टीव्हीच्या इतकी जवळ बसली होती, की आम्हाला अर्धा पडदा दिसतच नव्हता. आम्ही माना वाकड्या करून पाहत राहिलो. शपथा झाल्या, अंगठ्या झाल्या, हॉलमध्ये सगळे जेवणाच्या टेबलांशी बसले. तेव्हा सूत्रसंचालक माइक घेऊन म्हणाला, “पुढे जाण्याआधी सगळ्यांनी कृपया उभं राहावं. नवऱ्या मुलाची आई आज आपल्यात नाही. तो लहान असतानाच ती देवाघरी गेली. तिच्यासाठी आपण एक मिनिट शांत उभे राहू या.”

हॉलमधले सगळे उभे राहिले. जोशुआही राहिला, हात पुढे बांधून. सासरच्यांना काय सांगायचं, टाकून गेलेली आई की वारलेली, यातलं सोपं ते त्याने सांगितलं असणार. मोझेस फोनकडे झेपावला. तिने त्याचं मनगट धरलं. “राहू दे. संपू दे.”

आणि ती उठली. पट्टा नीट केला, मान खाली घातली आणि उभी राहिली. तिच्या मागे आम्हीही एकेक करून उभे राहिलो. दुसरं काय करायचं, कुणालाच कळलं नाही. तिकडे मिनिट संपलं, बँड सुरू झाला, लोक खाली बसले. ती मात्र बराच वेळ तशीच होती. मग तिने पातेल्यावरचं झाकण काढलं आणि सगळ्यांना वाढलं. आम्ही खाली माना घालून जेवलो. मला त्या पोराचा भयंकर राग आला होता, आणि तिच्यासमोर तो दाखवायची सोय नव्हती.

पुढच्या रविवारी ती आभार मानायला उभी राहिली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. बसवर जायची, मुलं उतरवायची, पण लिफ्टमध्ये आता नुसतं ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची. रिया म्हणाली, “शी डझन्ट टच माय हेड एनिमोर.” टर्म संपायला आली तेव्हा कळलं, की तिने काम सोडलंय आणि दुबईबाहेर दुसऱ्या कुठल्यातरी एमिरेटमध्ये एका घरी राहून काम करायला चाललीये. कुठे ते तिने कुणाला सांगितलं नाही.

ती निघाली त्या दिवशी मोझेस आणि बाकीचे सगळे खोलीत जमले होते. मीही गेले. त्यांनी तिला मध्ये बसवलं, नेहमीसारखे हात पुढे केले. मीसुद्धा केला, आयुष्यात पहिल्यांदा. तिने माझा हात हातात घेतला, थोपटला आणि माझ्याच मांडीवर परत ठेवला. मोझेसला म्हणाली, “हे काय करताय? आपल्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत, ब्रदर. विसरलात?”

खाली टॅक्सी आली होती. मोझेसने बॅग उचलली आणि ती त्याच्या मागे जिना उतरून गेली.